सदाफुलीची पानं आणि व्हिन्क्रिस्टीन: नातं किती, अंतर किती?

कातळफूल

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

माझ्या मामांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आहे. सहापैकी तीन केमो झाल्या, दर तीन आठवड्यांनी एक. औषधांच्या यादीत व्हिन्क्रिस्टीन आहे. ते सदाफुलीपासून मिळतं असं कुणीतरी मामांना सांगितलं, आणि झालं! आता रोज सकाळी सदाफुलीची दहा पानं उकळून पितात. म्हणतात, "तिकडे तीन आठवड्यांतून एकदा देतात, मी रोज घेतो. तेही ताजं."

दहाएक दिवसांपासून त्यांच्या पायाच्या बोटांना मुंग्या येतायत, शर्टाची बटणं लावताना हात अडखळतो. मला वाटतं काढा आणि केमो मिळून डोस दुप्पट होतोय. मामी म्हणते, काढ्यामुळेच तब्येत टिकून आहे. डॉक्टरांना सांगायला मामा तयार नाहीत, ओरडतील म्हणून. मला भांडायचं नाहीये, समजून घ्यायचंय. पानात औषध असतं का? असलं तर किती?

तिरकस

पानात काय असतं ते शेळीला विचारा. रस्त्याकडेचं सगळं ओरबाडते, पण सदाफुलीला तोंड लावत नाही. प्रयोगशाळा काढायच्या आधीपासून तिचा अभ्यास पूर्ण आहे.

(मामांना लवकर बरं वाटो. बाकी जाणकार सांगतीलच.)

निळी शाई

कातळफूल, मी अनेक वर्षं पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम केलंय. डॉक्टर नाही, त्यामुळे मुंग्यांबद्दल बोलत नाही. पानाचं मात्र सांगते, कारण ही गोष्ट मला फार आवडते.

१९५२ साली कॅनडात क्लार्क नोबल नावाच्या डॉक्टरांना जमैकातल्या त्यांच्या एका रुग्णाकडून पाकीट आलं. आत सदाफुलीची २५ पानं. तिकडे मधुमेहावर या पानांचा चहा पीत असत. (अवांतर: इन्शुलिनच्या शोधाच्या वेळी बँटिंगच्या हाताखाली आधी कुणी काम करायचं यासाठी दोन विद्यार्थ्यांत नाणेफेक झाली होती. ती हरलेला विद्यार्थी म्हणजे हेच क्लार्क. जिंकलेल्या बेस्टचं नाव जगाला माहीत झालं.) क्लार्कनी पानं धाकट्या भावाकडे, रॉबर्ट नोबलकडे, पाठवून दिली. तो वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात संशोधन करत होता.

रॉबर्टनी अर्क उंदरांना पाजला. साखर तसूभरही हलली नाही. मग टोचून बघितला, तर उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गाने मेले. इथे बहुतेकांनी "विषारी, निरुपयोगी" असं लिहून वही मिटली असती. त्यांनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी जवळपास गायब झाल्या होत्या, म्हणून साधा जंतूही उंदरांना पेलला नव्हता. पांढऱ्या पेशी कमी करणारी वस्तू म्हटल्यावर ल्युकेमिया आठवणारच, कारण तिथे त्याच पेशी बेसुमार वाढतात. चार्ल्स बीअर हे रसायनतज्ज्ञ १९५४ मध्ये त्यांना येऊन मिळाले आणि १९५८ पर्यंत शुद्ध व्हिन्ब्लास्टीन, म्हणजे व्हिन्क्रिस्टीनचं सख्खं भावंड, हाती आलं. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा वेगळ्या वाटेने याच झाडापर्यंत पोचले होते. व्हिन्क्रिस्टीन तिथलं. १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

म्हणजे पानात औषध आहे, हे मामांचं म्हणणं खोटं नाही. किती आहे, ते शून्यबिंदू सांगतील. त्यांचा तो प्रांत.

रानवेडा

छान लिहिलंय ताई. नावाबद्दल थोडं. झाड मूळचं मादागास्करचं. आधी त्याला व्हिंका रोझिया म्हणत, औषधांच्या नावात तेच 'व्हिं' अडकून राहिलं. आता कॅथरँथस रोझियस, ग्रीकमध्ये अर्थ 'निर्मळ फूल'. खरी व्हिंका ही वेगळी, त्याच कुळातली चुलत बहीण. तिच्यात ही औषधं नसतात. फॉरवर्डमध्ये दोघींचे फोटो बिनदिक्कत एकमेकींच्या जागी फिरत असतात.

पान तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. या कुळातल्या अनेक झाडांचा चीक म्हणजे किडामुंगीला दिलेली ताकीद. झाडाने हे सगळं आपल्यासाठी नाही, स्वतःला वाचवण्यासाठी बनवलंय.

शून्यबिंदू

शाईताईंनी भरीस घातलं म्हणून हिशोब मांडतो. औषधनिर्मितीत आयुष्य गेलंय, त्यामुळे वजनाशिवाय काही सुचत नाही.

एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टीन काढायला साधारण ५०० किलो सुकी पानं लागतात. व्हिन्क्रिस्टीन तर पानात त्याहून कितीतरी कमी. आता मामांची दहा पानं घ्या. मी आत्ता कुंपणाजवळची दहा पानं तोडून, ओव्हनमध्ये वाळवून काट्यावर ठेवली. एक ग्रॅमसुद्धा भरली नाहीत. एक ग्रॅम धरू. त्यात व्हिन्ब्लास्टीन आलं दोन मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला एका वेळचा व्हिन्ब्लास्टीनचा डोस असतो साधारण दहा मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या पाच हजार पट. काढ्याने एक डोस गाठायचा तर मामांना रोज दहा पानं या दराने तेरा-चौदा वर्षं लागतील. तेही पानातलं सगळं पाण्यात उतरलं आणि पोटातून सगळं रक्तात गेलं असं मानून. तसं होत नाही. ही औषधं तोंडाने घेतली तर शोषली जाण्याचा भरवसा नसतो, म्हणूनच शिरेतून देतात.

तेव्हा कातळफूल, 'डोस दुप्पट होतोय' ही भीती बहुधा काढून टाका. पण काढा निरुपद्रवी आहे असंही मी म्हणत नाहीये. या झाडात शंभराहून जास्त अल्कलॉइडं (शरीरावर जोरदार परिणाम करू शकणारी वनस्पतींची रसायनं) आहेत. औषधाचे दोन रेणू त्यात नगण्य, बाकीची गर्दी भरपूर. ती गर्दी मामांच्या शरीरात काय करते, हे कुणीही मोजलेलं नाही.

जुनं खोड

सगळं वाचलं. तुम्ही मंडळी रेणू मोजता, पण वनस्पती ही समग्र असते. एकच रेणू उपसून काढायचा आणि मग त्याचे दुष्परिणाम झाले म्हणून रडायचं. झाडात त्याचा उतारासुद्धा असतो. आणि आजवर शेकडो वनस्पतींमध्ये कर्करोगविरोधी गुण सापडल्याचे शोधनिबंध आलेत. मग ती औषधं कुठे आहेत? दडपली गेलीत. झाडाचं पेटंट घेता येत नाही ना!

निळी शाई

काका, 'शेकडो शोधनिबंध' खरे आहेत. तसा एक लिहिण्याच्या मी अगदी जवळ पोचले होते, म्हणून सांगते.

आमच्याकडे एका झाडाच्या सालीचा अर्क होता. प्लास्टिकची एक ताटली असते, पोस्टकार्डापेक्षा थोडी लहान, तिला ९६ खळगे. प्रत्येक खळग्यात कर्करोगाच्या काही हजार पेशी वाढवायच्या, वर अर्क घालायचा, दोन दिवस ठेवायचं. मग एमटीटी नावाचं पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. सकाळी ताटली काढली तर अर्काच्या रांगा लख्ख पिवळ्या, बाजूच्या बिनअर्काच्या रांगा वांग्यासारख्या जांभळ्या. मी अक्षरशः नाचले. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. पोस्टरचं शीर्षकसुद्धा ठरलं होतं.

आमच्या वरिष्ठ बाईंनी फक्त एक प्रश्न विचारला, "साध्या पेशींवर घातलास का?" त्यांनी एका काचनळीत मिठाच्या पाण्यात धुतलेल्या तांबड्या रक्तपेशी घेतल्या. गढूळ लाल पाणी, पलीकडची अक्षरं दिसत नव्हती. त्यात माझ्या अर्काचे दोन थेंब टाकले. पाचेक मिनिटांत पाणी सरबतासारखं पारदर्शक लाल झालं आणि नळीमागच्या वहीच्या ओळी वाचता यायला लागल्या. सगळ्या पेशी फुटल्या होत्या. सालीत सॅपोनिन होतं, म्हणजे झाडाचा साबण. साबण कर्करोगाची पेशी ओळखत नाही, ज्या पेशीचं आवरण समोर येईल ते विरघळवतो. नळी हलवल्यावर वर फेस आला तेव्हा बाई हसल्या, मी नाही.

उलटंही होतं. काही वनस्पतींचे रेणू पेशी नसलेल्या खळग्यातसुद्धा एमटीटीचं जांभळं करतात. म्हणजे पेशी मेल्या तरी ताटली सांगते जिवंत आहेत. म्हणून रिकाम्या खळग्यात नुसता अर्क घालून बघायचाच असतो. कितीतरी निबंधांत ती रांगच नसते.

दडपलं कुणी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात वनस्पतींचे सुमारे १,१४,००० अर्क तपासले. त्यातून कर्करोगाची औषधं म्हणून बाजारात पोचलेले मुख्य दोन, टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिनची पिल्लं, म्हणजे त्या रेणूत बदल करून केलेली औषधं. बाकीचे बरेचसे माझ्या सालीचे भाऊबंद.

तिरकस

"नळी हलवल्यावर वर फेस आला तेव्हा बाई हसल्या" हे वाक्य कोरून ठेवणार.

खोडकाका, पेटंटचं म्हणाल तर सदाफुली विकणाऱ्या कंपनीने ती दडवली नाही, विकून गब्बर झाली. दडपलं गेलं असेल तर मादागास्करचं नाव. त्या बेटाच्या पदरात फारसं काही पडलं नाही, हे जैवविविधतेच्या हक्कांच्या चर्चेत आजही उदाहरण म्हणून येतं. रागवायचं तर त्यावर रागवा, मी तुमच्या बाजूला उभा राहतो.

आणि कर्क्युमिनबद्दल कुणी बोलणार आहे का? हळदीतल्या त्या पिवळ्या रेणूवर जगातले निम्मे पीएचडी झालेत असं मला वाटतं.

शून्यबिंदू

कर्क्युमिन हा रसायनवाल्यांचा दुखरा दात आहे. शरीराइतक्या सामूत (pH) आणि तापमानाला, नुसत्या बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ते अर्ध्या तासात ९० टक्के तुटतं. रोज आठ ग्रॅम गिळायला दिलं तरी रक्तात जेमतेम सापडतं. ताटलीत ते प्रत्येक प्रथिनाला चिकटतं, प्रकाश शोषतं, स्वतः चमकतं आणि यंत्रांना फसवतं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात त्याचा सविस्तर पंचनामा झाला. निष्कर्ष असा, की नीट आखलेल्या, दोन्ही बाजूंनी आंधळ्या (खरं औषध कुणाला, हे रुग्णालाही आणि डॉक्टरलाही माहीत नसलेल्या) चाचणीत ते कुठल्याच आजारावर यशस्वी ठरलेलं नाही. मिऱ्यातल्या पायपरीनने त्याचं शोषण वाढतं हे खरं. पण पायपरीन ते करतं यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा थोपवून. ती थोपली की बाकीच्या गोळ्यांचंही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.

काकांचा 'समग्र झाड' हा मुद्दा मी थट्टेवारी नेणार नाही. पण इतिहास उलटा आहे. कॅम्प्टोथेसिन बघा. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीने १९६६ मध्ये ते एका चिनी झाडातून वेगळं केलं. पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचा क्षार करून सत्तरच्या दशकात रुग्णांना दिला. मूत्राशयातून रक्तस्राव, अतोनात त्रास, चाचण्या बंद. झाडाने दिलेला रेणू जसाच्या तसा वापरला आणि आपटलो. मग १९८५ च्या आसपास कळलं की तो टोपोआयसोमरेझ-१ या, डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या, विकराला डीएनएवर चिकटवून ठेवतो. लक्ष्य कळल्यावर पुन्हा हुरूप आला, आणि रेणूला नवे हातपाय जोडून केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान १९९६ मध्ये अमेरिकेत आली. गुण झाडाचा, संयम माणसाचा. (हे वाक्य जरा भाषणी झालं, चालवून घ्या.)

पोडोफायलोटॉक्सिन या आणखी एका वनस्पतीच्या रेणूची गंमत अजून वेगळी. ते पेशीतल्या ट्यूब्युलिन या प्रथिनाला धरतं. त्यात थोडा बदल करून एटोपोसाइड हे कर्करोगाचं औषध केलं, तर त्याने ट्यूब्युलिन सोडून भलत्याच विकराला, टोपोआयसोमरेझ-२ ला, धरलं. बाप एका दुकानात कामाला, मुलगा समोरच्या. असा डाव कुणी आखला नव्हता.

टॅक्सॉल तर सर्वांना माहीतच आहे. १९६२ मध्ये पॅसिफिक यू झाडाची साल गोळा केली, १९७१ मध्ये वॉल-वाणींनीच रचना छापली, १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झनी यंत्रणा दाखवली, मान्यता १९९२ डिसेंबरमध्ये. तीस वर्षं. साल काढली की झाड मरतं, आणि झाड वाढायला शतक लागतं. शेवटी युरोपातल्या यूच्या सुयांमधून जवळचा रेणू घेऊन उरलेलं काम कारखान्यात करायला लागले. सुया पुन्हा येतात.

स्टेथो

उशिरा आलो, ड्यूटी होती. कातळफूल, धागा रंगलाय पण मला मामांच्या बोटांची काळजी वाटते.

व्हिन्क्रिस्टीन काय करतं ते आधी. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला आत सूक्ष्म नळ्यांचे दोर तयार होतात. ट्यूब्युलिनच्या विटा एकावर एक चढून हे दोर बनतात. व्हिन्क्रिस्टीन विटांमध्ये शिरून त्या चढूच देत नाही. टॅक्सॉल उलट, बनलेला दोर सुटू देत नाही. दोन्हीकडे पेशी अर्ध्या वाटेत अडकते आणि मरते.

पण याच नळ्या मज्जातंतूतही असतात. तिथे त्यांचं काम दोराचं नाही, रुळांचं. पाठीच्या कण्याजवळच्या पेशीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, जवळजवळ एक मीटर, माल याच रुळांवरून जातो. रूळ विस्कटले की सगळ्यात लांबच्या स्टेशनाची रसद आधी तुटते. म्हणून मुंग्या पायाच्या बोटांपासून सुरू होतात, मग हाताची बोटं, मग बटणं लागत नाहीत. बद्धकोष्ठ, जबड्यात कळ, चालताना पाऊल लोंबणं, हेही त्यातलंच. एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत ते यासाठीच. गंमत म्हणजे व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीनमध्ये फरक एवढासा, एका नायट्रोजनवर मिथाइलच्या जागी फॉर्मिल. पण पहिलं अस्थिमज्जेला जास्त झोडपतं, दुसरं नसांना. नोबलच्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी गेल्या त्या व्हिन्ब्लास्टीनच्या हाताने.

हे औषध किती धारदार आहे याची कल्पना यावी म्हणून: शिरेऐवजी चुकून पाठीच्या मणक्यातल्या द्रवात गेलं तर जवळपास नेहमीच जीव जातो. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ते सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या पिशवीत पातळ करून द्या, म्हणजे मणक्यात टोचायच्या सिरिंजशी गल्लत होणार नाही. असं औषध पानं मोजून घ्यायचं नसतं.

मामा ओरड्याला घाबरतात हे रोज बघतो. त्यांना सांगा, मुंग्या लपवल्या तर डॉक्टर पुढचा डोस पूर्ण देतील, सांगितल्या तर कमी करतील. काढ्याचंही सांगायचंच.

आता माझा प्रश्न, जो इथे अजून कुणी विचारला नाही. केमो आणि काढा सोडून मामा आणखी काय काय घेतात? एकूण एक सांगा. दाताची, पोटाची, झोपेची, कुणी दिलेली कसलीही गोळी. शून्यबिंदूंनी पायपरीनबद्दल लिहिलं ती यकृतातली यंत्रणा व्हिन्क्रिस्टीनलाही मोडते.

जुनं खोड

स्टेथो, रुळांचं पटलं. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने इरिनोटेकानचा परिणाम कमी होतो असं ऐकलंय, ते याच यंत्रणेतून का?

स्टेथो

हो काका, फक्त दिशा उलटी. ती वनस्पती यंत्रणा वेगवान करते. २००२ मध्ये छापलेल्या अभ्यासात इरिनोटेकानपासून शरीरात बनणाऱ्या, खरं काम करणाऱ्या रेणूचं रक्तातलं प्रमाण ४२ टक्क्यांनी घटलं होतं. रुग्णाला पत्ताच नाही, त्याला वाटतं केमो चालू आहे.

रानवेडा

मधल्या वेळात एक सांगतो. २०२२ मध्ये यीस्टमध्ये सदाफुलीची जनुकं घालून व्हिन्ब्लास्टीनचे दोन अर्धे भाग, कॅथरँथीन आणि व्हिंडोलीन, बनवले आणि मग ते जोडले. तीसेक पायऱ्यांची साखळी. झाड हे सगळं पानात निमूटपणे करतं, तेही वेगवेगळ्या पेशींमध्ये वाटून, म्हणजे अर्धे भाग एरवी एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणून पानात तयार औषध इतकं कमी.

कातळफूल

चार दिवसांनी येतेय, माफ करा.

स्टेथो, तुमचा प्रतिसाद मामांना मोठ्याने वाचून दाखवला. मग मामीने औषधांचा डबा माझ्यापुढे उपडा केला. केमोच्या गोळ्या, पोटाची, रक्तदाबाची. आणि तळाशी एक अर्धी वापरलेली पट्टी, इट्राकोनाझोल. पायाच्या नखांना बुरशी झाली होती, दुसऱ्या एका डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वी दिली होती. महिन्यातून एक आठवडा घ्यायची. केमोचं त्यांना सांगितलंच नव्हतं, आणि केमोवाल्यांना नखांचं. मामा म्हणाले, "नखाची गोळी ती, ती काय सांगायची?" तिसरी केमो आणि गोळीचा आठवडा एकत्र आले होते. मुंग्या त्यानंतरच्या आठवड्यात सुरू झाल्या.

काल मामांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली आणि आधी काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, बहुधा हेच. गोळी बंद, पुढच्या फेरीत व्हिन्क्रिस्टीन निम्मं. काढाही बंद करायला सांगितला, पण त्यावर दोनच वाक्यं बोलले, ओरडले नाहीत. ओरडा नखाच्या गोळीचा बसला.

मी महिनाभर सदाफुलीला शिव्या घालत होते.

स्टेथो

इट्राकोनाझोल यकृतातली तीच यंत्रणा थोपवतं, मग व्हिन्क्रिस्टीन मोडलं न जाता साचतं. ही जोडी आम्हाला पहिल्या वर्षी घोकून घेतात आणि तरीही निसटते. बरं झालं डबा उपडा केलात. मुंग्या आणखी काही आठवडे वाढल्यासारख्या वाटतील, घाबरू नका, ओसरायला महिने लागतात. पाऊल लोंबायला लागलं, घसरल्यासारखं चालायला लागले किंवा शौचाला चार दिवस झालं नाही तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका.

तिरकस

शेळीला नखाची गोळी देऊन बघायला हवी होती.

कातळफूल

:) मामांना वाचून दाखवलं. म्हणाले, तिरकसला सांग, आज वरची तीन बटणं मी लावली, खालची दोन मामीने.